कॅरिअरवरची बुढी

पिपरटोला
सोमवार, ४ फेब्रुवारी २००२

॥ श्री ॥

डोमाजी,

वरतं श्री लिहिलं ते देवासाठी हाय, तुह्यासाठी नाही.

चार वर्सं झाले आपण बोलत नाही. तुह्या बापाच्या तेरवीले तू पंगतीतून उठला, गाडीत बसला अन् मायले एका शब्दानं न इचारता बालाघाटले निघून गेला, तव्हा मी तुले चार लोकाईत बोल्लो. तव्हापासून तू मले वळखत नाही. नको वळखू. तू वैनगंगा सायकल मंडळाचा सचिव, मी ढोराईच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तुह्या घरासमोरून मी हप्त्यातून दोनदा जातो अन् घंटी वाजवत नाही. आताही लिहिलं नसतं. पण काल तुह्या मंडळानं माह्या पोरीचं जे केलं त्यानं रातभर तोंडात कडू पाणी येऊन राह्यलं.

श्रुतिका तुले आठवत असन. चार वर्साआधी शाळेत होती, आता बी.ए. झाली. बालाघाटच्या एका खाजगी शाळेत शिकवाले जाते. सोळा किलोमीटर जाणं, सोळा येणं, सायकलनं. पाऊस असो, थंडीचा पाला असो. तिले शारीरिक शिक्षणाच्या कोर्साले जायचं हाय. मागच्या साली चार मार्कानं राह्यली. खेळाचं प्रमाणपत्र असन तर दहा मार्क जास्तीचे भेटते. फारम भराची शेवटची तारीख पंधरा मार्च. तिची माय म्हणते, यंदा नाही झालं तर बस, सोयरीक करून टाकू. मी तिले यंदापुरतं थांबवून ठेवलं.

तुमचा तो गुलाबी कागद तिनंच आणला. लालबर्रा ते बालाघाट सायकल रेस, पोरीईची वेगळी, पहिल्या पाच जणीले प्रमाणपत्र. खाली मोठ्या अक्षरात, 'आम साइकिल सवार भी सादर आमंत्रित हैं.' पोरगी त्या एका ओळीवर भुलली. मीही भुललो. म्हटलं, डोमाजीनं काहीही केलं तरी सायकलवाल्याची कदर ठेवली.

सकाळी लालबर्ऱ्याले गेलो त पाहतो काय, नागपूर-जबलपूरच्या सायकली जीपच्या टपावर बसून आल्या, अन् त्याईच्या मालकिणी जीपच्या आत बसून आल्या. मंग चालवते कोण? आंगाले चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टोपलं, हातात अर्धे हातमोजे. माह्या पोरीनं वढणी कमरेले बांधली होती. एक जण हासली, "अरे, दूधवाली भी आई है." दुसऱ्या एकीनं नाक धरलं. आदल्याच दिवशी कोंढ्याचं पोतं आणलं होतं त्या सायकलवर, येत असन वास. शिट्टी गळ्यात अडकवलेला तुमचा एक साहेब म्हणे, "कॅरिअर, स्टँड, मडगार्ड सब निकालो. बारात में आई हो क्या?" श्रुतिका म्हणे, "सर, कल मिल से चावल किस पे लाऊँगी?" सारे हासले. तिनं नाही काढलं. नियमात तसं लिहिलं नव्हतं म्हणून तिले उभं राहू देलं, सगळ्याईच्या मागं.

मी तिच्या चाकाईत हवा भरून देली अन् निघालो, एका व्यालेल्या म्हशीची वार अडकली होती. फाट्यावर तुमचे दोन पोट्टे, पिवळी गंजी, हातात झेंडी. "अंकल, साइकिल साइड में लो. साइकिल रेस आ रही है." मी म्हटलं, "मंग माही काय बैलगाडी हाय?" त्याईले समजलं नाही. आम्ही चौदा सायकलवाले नालीत उभे. गवताचे भारे, दुधाचे डबे, एकाच्या मागं आजारी बायको. दीड घंटा! लालबर्ऱ्याची बसही अडवून ठेवली. रोज त्या रस्त्यानं सायकल चालवणाऱ्याले सायकलसाठी नालीत उतरवते, हे डोकं तुलेच सुचू शकते.

आता मुद्द्याचं. सतराव्या किलोमीटरले माही पोरगी दुसरी होती. नागपूरवाली गिअरची सायकल पुढं, मंग श्रुतिका, बाकीच्या मागं. तिथं पुलियावर एक बुढी बसली होती. बस अडवली म्हणून पायी निघालेली, गिट्टीवरून पाय मुडपला, घोटा हा इतका सुजलेला. तिच्यासमोरून नागपूरवाली गेली. श्रुतिका थांबली.

काहून थांबली म्हणून इचारू नको. आपल्या रस्त्याची रीत तुले मालूम हाय. रस्त्याच्या कडंनं कोणी बसला दिसला का उतराचं, इचाराचं अन् कॅरिअरवर घ्याचं. सायकलची चैन पडली असन त लावून द्याची. आपल्याईच्या पोट्ट्याईले हे शिकवा लागत नाही. रेस हाय म्हणून ते बंद करायचं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिनं बुढीले मागं बसवलं, पाच किलोमीटर आणलं, नाक्याजवळच्या दवाखान्यात नर्सच्या हवाली केलं अन् पुन्हा पायडल मारलं. तेवढ्यात अजून पाच जणी पुढं गेल्या होत्या. त्यातल्या तिघीले तिनं शेवटच्या तीन किलोमीटरात धरलं. चौथी आली, डोमाजी! बुढीसकट चौथी.

म्हशीचं निपटवून मी बालाघाटले मंडपात पोहोचलो, तव्हा माईकवर तिचं नाव पुकारलं. पोरगी स्टेजच्या पायरीवर चढली होती, तव्हा रेसमागच्या जीपमधला तुमचा माणूस कागद घेऊन आला, तू हारातून हात काढून सही केली, अन् तिले पायरीवरून खाली उतरवलं. नियम नंबर अकरा, 'प्रतियोगी मार्ग में कोई बाहरी सहायता नहीं लेगा.'

बाहरी सहायता! साठ किलोची बुढी मागं बसून पायडल मारत होती काय रे?

  तुह्या मंडपाच्या मागं जाऊन थुंकलो. प्रमाणपत्र पाठव. पोरीचं हाय, भीक मागून नाही राह्यलो.

टिकाराम


पिपरटोला
१३ फेब्रुवारी २००२

डोमाजी,

तुहं उत्तर आलं. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं, हिंदीत. 'श्री टीकाराम जी, महोदय.' तू अन् मी एका सायकलवर कैंची मारत शिकलो, दोघाईचे गुडघे एकाच नालीत फुटले, अन् आता मी महोदय. पोस्टमननं वाचून दाखवू का म्हणून इचारलं. त्याले वाटलं कोर्टाचा कागद हाय.

तू लिहितो, 'उक्त वृद्धा का नाम, पता तथा बयान प्रस्तुत करें, तभी प्रकरण पर विचार संभव होगा.' तुह्या मंडळाले शंका हाय का ती बुढी खरंच पडली होती का नव्हती. तिले मुद्दाम बसवून, वजन वाढवून उतारावर फायदा घेतला काय, असंही तुह्या जीपवाल्या माणसानं लिहिलं. भैताड हाय का रे तो? लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर उतार कोणता? त्यानं तो रस्ता काचेआडूनच पाहिला असन.

नाव मी सांगत नाही. मले मालूम हाय, पण सांगत नाही. बुढीनं माह्याकडून वचन घेतलं. गावचीच हाय. तिले नाव कागदावर नको. तिचं कारण तिच्यापाशी.

पेपरातला तुहा फोटो पाहिला. हार घालून, एका गिअरच्या सायकलच्या हँडलवर हात ठेवून उभा. खाली लिहिलं, 'जिले में साइकिल संस्कृति के जनक.' मी तो फोटो ढोराईच्या दवाखान्यात सगळ्याईले दाखवला. ज्या माणसानं दहा वर्सात सायकलवर टांग नाही टाकली तो संस्कृतीचा बाप! अन् सकाळी चार वाजता भाजीचं पोतं बांधून वारासिवनीच्या बाजाराले जाते ते कोण? रामपायलीहून मास्तर रोज येते तो कोण? तुह्या हिशोबानं ते गरीब हाय म्हणून सायकलवर हाय, अन् तुमचे साहेब लोक हौसेनं हाय म्हणून ते खिलाडी. आम्ही सायकल चालवतो ते लाचारी, तुम्ही चालवता ते संस्कृती. थू!

अजून ऐक. या इतवारी श्रुतिका तुमच्या मंडळाच्या सरावाले गेली होती. मी नको म्हटलं, तरी गेली. तिले वाटलं, आपण नियम नीट समजून घेऊ, पुढच्या साली कामी येईन. गेटवरच्या पोट्ट्यानं तिच्या सायकलकडं पाहिलं अन् म्हणे, "दीदी, काम वाली साइकिल उधर स्टैंड पे लगाओ. यहाँ सिर्फ़ राइडर." ती म्हणे, "मैं भी तो चला के ही आई हूँ." तो म्हणे, "आना-जाना अलग है दीदी, राइडिंग अलग है."

पोरगी घरी आली अन् मले इचारते, "बाबा, मी वर्सातून आठ हजार किलोमीटर काय करते मंग?"

 तुह्यापाशी याचं उत्तर असन त लिही. मराठीत लिही, येत असन त.

एक महिना उरला फारमले. बुढीचं नाव सोडून काय पायजे ते माग. नर्सचं लिहून आणून देतो. नाक्यावरचा चहावाला पाहिला हाय, त्याची सही आणून देतो.

टिकाराम


पिपरटोला
२७ फेब्रुवारी २००२

डोमाजी,

नर्सचा कागद तू वापस केला. 'वृद्धा की पहचान के अभाव में अमान्य.' चहावाल्याची सही त तू पाहिलीही नाही.

इतवारी पोरीले पाहाले पावणे आले होते. गोंदियाकडचे, तांदळाची मिल हाय. पोरगा बरा हाय, मी खोटं नाही बोलत. त्याच्या मायनं इचारलं, "सायकलनं जाते म्हणे शाळेत? आमच्याकडं तशी गरज पडत नाही." श्रुतिकानं मान खाली घातली अन् पोह्याच्या प्लेटी उचलल्या.  ही तीच पोरगी, जी शिट्टीवाल्या साहेबाले उलटून बोल्ली होती. मले ते पाहावलं नाही. तिची माय खुश, होकार द्या म्हणते. मी पंधरा मार्चपर्यंत मुदत मागितली. तिचा सगळा जीव त्या एका कागदावर येऊन टेकला हाय, अन् तो कागद तुह्या कपाटात हाय.

म्हणून आज वचन मोडतो. पाप लागलं त मले लागो.

ती तुही माय होती.

हौ. रुख्माकाकी. पुन्हा वाच.

कोणीतरी तिले सांगतलं का डोमाजीचा बालाघाटात सत्कार हाय, स्टेजवर हार घालणार, साहेब लोक येणार. चार वर्सांत तू आला नाही, म्हणून तिनं ठरवलं आपणच जाऊन दुरून पाहून यावं. नवं लुगडं नेसली. पदरात वाळलेल्या झिंग्याची पुडी बांधली. तुले आवडते म्हणून. तुह्या स्टेजवर वास सुटला असता रे, बरं झालं पोहोचली नाही! सडकेवर आली त बस नाही. तुह्याच रेससाठी तुह्याच पोट्ट्याईनं अडवलेली. मंग सत्तर वर्साची बाई पायी निघाली. वाटंनं दोनदा बसली, पुन्हा उठली. पुलियाजवळ गिट्टीवर पडली.

तुही जीप तिच्यासमोरून गेली, डोमाजी. तिनं सांगतलं मले. पुढच्या सीटवर तू होता, तोंडासमोर भोंगा धरून. तिनं हातही वर केला होता. तुले दिसली नसन. मी तसंच म्हणून राह्यलो, दिसली नसन. त्याच्या पलीकडं मी इचारही करू इच्छित नाही.

त्या दिवशी पोरीसंग दवाखान्यात मी पोहोचलो तव्हा पायाले पट्टी बांधून बसली होती. मले पाहून पहिलं काय बोल्ली? "टिकाराम, बावा, डोमाजीले सांगू नको. बिनबोलावण्याची चाल्ली होती मी. चार लोकाईत त्याले खाली पाहा लागन." आपला घोटा सुजला त्याचं नाही. तुले खाली पाहा लागन त्याचं! मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन देलं.

अन् तिच्याच नावासाठी तू माह्या पोरीले बयान मागून राह्यला. 'उक्त वृद्धा.' लाज वाटत असन त आता वाटू दे.

हे घे नाव, पत्ता. रुख्माबाई, मुक्काम पिपरटोला, तुह्या बापाचं घर. बयान घ्याचं असन त ये अन् घे. अजून लंगडते. भाऊ तुहा तिले रोज तेल लावून देते.

टिकाराम


पिपरटोला
१२ मार्च २००२

डोमाजी,

काल दुपारी तुही जीप आली. मले वाटलं, तू आला. खरं सांगतो, मी चपला न घालता बाहेर पळालो. काकीच्या घरी सांगाले एका पोट्टीले धाडलंही, का काकीले म्हणा लुगडं बदला, डोमाजी येऊन राह्यला.

जीपमधून डायवर उतरला. एक लिफाफा, एक सफरचंदाची पेटी. बस.

लिफाफ्यात प्रमाणपत्र. सोनेरी काठ, तुही सही, 'कु. श्रुतिका, चतुर्थ स्थान.' अन् संग एक चिठ्ठी. 'मंडल ने विशेष प्रकरण मानकर सहानुभूतिपूर्वक निर्णय लिया है. कृपया इस विषय की कहीं चर्चा न करें.'

काय विशेष झालं रे? बुढी तीच, घोटा तोच, कॅरिअर तेच. नियम अकरा तोच. फक्त बुढीले नाव फुटलं. म्हणजे ती गावातल्या प्रेमलालची माय असती, फकिराची असती, त बाहरी सहायता. तुही निघाली त सहानुभूती. मी कुजलेल्या वारेत खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस हाय, मले कोणत्या वासानं कसंनुसं होत नाही. तुह्या त्या चिठ्ठीनं झालं.

तरी मी ते प्रमाणपत्र पेटीत ठेवलं होतं. झाकत नाही तुह्यापासून. म्हटलं, चार दिवस उरले, पोरीचं भलं होते, गिळून टाकू. गरिबाले थुंकीही गिळता येते.

मंग काकी आली. लंगडत, काठी टेकत, नवं लुगडं नेसून. जीप त गेलती. तिनं लिफाफा पाहिला. म्हणे, "त्याचं पत्र हाय ना? माह्या पायाचं काही लिहिलं काय त्यानं?"

डोमाजी, तुही ती हिंदी चिठ्ठी हातात धरून मी वाचाले लागलो. मराठीत. "आईच्या पायाले जपा. मी लवकर येतो. झिंग्याची पुडी ठेवजा माह्यासाठी." अस्सं मी वाचलं. आयुष्यात ढोराच्या मालकासमोर खोटं नाही बोल्लो, मरणार असन त मरणार सांगतलं. तुह्यासाठी बोल्लो. काकी पदरानं डोळे पुसत म्हणे, "पाह्य, म्हटलं होतं ना, कामात असते तो." सफरचंदाची पेटी तिनं आळीत वाटून टाकली. एकही ठेवलं नाही.

श्रुतिका दारात उभी होती. तिले हिंदी वाचता येते, चिठ्ठी तिनं आधीच वाचली होती. काकी गेल्यावर माह्यासमोर येऊन बसली.

"बाबा, वापस करा ते."

मी म्हटलं, "पोरी, दहा मार्क हाय. तुही माय गोंदियावाल्याईले होकार देऊन बसन."

"देऊ द्या. मी त्याईलेही सांगीन, सायकल सोडत नाही म्हणून. पण हे नको. हे घेतलं त मले पुढच्या टायमाले पुलियावर कोणी बसलं दिसलं, तर पहिले इचारा लागन, 'तुम्ही कोणाच्या माय?'"

 तिची माय काय काय बोल्ली ते लिहीत नाही. रातभर घरात भांडण झालं. सकाळी मी लिफाफा पुन्हा चिकटवला. प्रमाणपत्र या पत्रासंग वापस येऊन राह्यलं. भिंतीले लाव, तुह्या 'जनक'वाल्या फोटोच्या बाजूनं.

आता तुह्याकडं एकच काम हाय. मी जे वाचून दाखवलं ते खरं करून दे. नाही देलं त मी दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही, तिले सांगीन चिठ्ठीत काय होतं. गाडीनं ये, चालत ये, जसा येशीन तसा ये. माह्याशी बोलाचं नसन त मी घरात नाही थांबणार, ढोरं पाहाले निघून जाईन.

फारम आजच भरला. प्रमाणपत्राशिवाय. श्रुतिकानं माह्यासमोर बसून भरला. नाव, जात, जन्मतारीख, सगळं सुवाच्च अक्षरात. 'खेळातील उपलब्धी' म्हणून एक रकाना हाय त्यात. मी म्हटलं, तिथं रेघ मार. तिनं नाही मारली. लिहिलं,

'लालबर्रा ते बालाघाट, महिला गट. डबल सीट. चौथा नंबर.'

टिकाराम